कसब, सेवा आणि देशांतर
(नवघर येथे ज्युबिली वर्षाच्या आरंभीच्या सभेत धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या वर्षी धर्मगुरूने उभे राहावे आणि गेलेल्या काळाचा हिशेब मांडावा, अशी चाल आहे. देवळाचा पाया कोणत्या सालीं घातला, घंटा कोणी अर्पण केली, शाळेच्या वर्गांची कौले कोणाच्या देणगीतून चढली, ह्या गोष्टी स्मरणिकेत यथास्थित छापल्या जाणारच आहेत. त्यांची पुनरुक्ती करून आम्ही आपला वेळ घेऊ इच्छीत नाही. आज आम्ही एका निराळ्या विषयावर चार शब्द बोलणार आहोत, आणि तो विषय आम्हांस त्या स्मरणिकेच्या कामानेच सुचविला आहे.

आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक असेल की, स्मरणिकेच्या पानांची मांडणी आपल्याच धर्मग्रामातील एका तरुणाने अंगावर घेतली आहे. त्याचे नाव आम्ही घेणार नाही. मात्र हे बोलण्यास त्याची संमती आहे. मुंबईतील एका मासिकाची पाने सजविणे हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. सकाळी भाईंदरहून लोकलने जावयाचे, रात्री परतावयाचे, आणि मग जेवणानंतर आमच्यासाठी बसावयाचे. उपवासकाळातील प्रार्थनेचे पत्रक, रक्तदानाच्या शिबिराची भित्तिपत्रके, एखाद्या घरी माणूस गेले म्हणजे तिसऱ्या प्रहरापर्यंत हवे असलेले स्मृतिपत्र, ही सारी कामे गेली कित्येक वर्षे त्याच्याच हातची आहेत. त्याने आजवर एक पैसा मागितला नाही, आणि आम्हीही, सांगावयास लाज वाटते, कधी विचारला नाही.

गेल्या रविवारी तो नमुन्याची पाने घेऊन आला. ती टेबलावर पसरून झाल्यावर म्हणाला, "फादर, स्मरणिका मी पुरी करून देतो. पण पुढच्या वर्षीच्या पत्रकांचे दुसऱ्या कोणाला तरी सांगावे लागेल." त्याची पत्नी परिचारिका आहे, उभयतांनी कॅनडास जाण्यासाठी अर्ज केला आहे. हे सांगून तो क्षणभर थांबला आणि त्याने विचारले, "मी जाऊ की नको?"

आम्ही त्या वेळी उत्तर दिले नाही. चहा झाला, तो गेला, आणि आम्ही त्या पानांकडे पाहत बसलो. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर होय. ते आम्ही खाजगीत न देता येथे देत आहो, कारण हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. ह्या सभेत असे घर क्वचितच असेल, ज्यात कोणी गेलेला, जाणारा किंवा जाऊ इच्छिणारा नाही.

प्रथम त्या कसबाविषयी थोडेसे. मासिक वाचणाऱ्यास लेखकाचे नाव ठाऊक असते, संपादकाचे असते. पान ज्याने बसविले त्याचे क्वचित असते. तथापि मजकूर किती रुंदीत ठेवावा, समास किती सोडावा, मथळा कोठे यावा, चित्राने वाचकास लेखाकडे कसे आणावे, ह्या गोष्टी कोणीतरी ठरविल्यावाचून वाचन सुखाचे होत नाही. पुस्तिका छापावयाची ती सोळा सोळा पानांच्या फर्म्यांनी. म्हणून एखाद्या भगिनीने शेवटच्या दिवशी आणखी एक छायाचित्र आणून दिले, तर तेवढ्यासाठी पान वाढत नाही. दुसरे काहीतरी आखडावे लागते. कोणाचे आखडावे आणि कोणाचे मन राखावे, हा विवेक त्या मांडणी करणाऱ्यास रोज करावा लागतो. हे काम नम्रतेचे आहे. ते उत्तम झाले म्हणजे ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्या भाषेत ह्या कलेस मानाचे स्थान आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांच्या 'मनोरंजन' मासिकाने 1909 साली दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात दिवाळी म्हणजे फराळ आणि अंक असे समीकरण होऊन बसले. 1916 साली मडगावास जन्मलेले दीनानाथ दलाल गोवा सोडून मुंबईस आले, आणि त्यांच्या मुखपृष्ठांनी पुस्तकांच्या व अंकांच्या दुकानांचे रूप पालटले. पुढे त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंक चालविला. 1971 साली ते वारले. परंतु त्यांनी काढलेली मुखपृष्ठे आजही जुन्या अंकांच्या ढिगात लांबून ओळखू येतात.

आज आम्हांस विशेषेकरून स्मरण होते ते मारिओ मिरांडा ह्यांचे. ते आपल्याच धर्माच्या कुटुंबातले. जन्म 2 मे 1926, दमण येथे. घर गोव्यात, सासष्टीतील लोटली गावी. आपले नवघर ज्या बेटावर वसले आहे त्याचेही नाव साष्टीच. सहासष्ट गावांवरून पडलेले हे एकच नाव मुंबईकडे आणि गोव्यात अशा दोन ठिकाणी नांदते. तेव्हा मारिओ आम्हांस परके नाहीत.

लहानपणी ते घरच्या भिंतींवर चित्रे काढीत. शेवटी आईने कोरी वही हाती दिली, आणि भिंती वाचल्या. पुढे शाळेत असताना त्यांनी पाद्रीबुवांची चित्रे काढली आणि त्यापायी बोलणी खाल्ली. हे सांगताना आम्हांस हसू येते. आमच्या शिकवणीच्या वर्गातही अशा वह्या आम्ही जप्त केल्या आहेत. तारुण्यात त्यांनी रोजनिशी ठेवली ती शब्दांपेक्षा चित्रांचीच अधिक. लग्न, सण, मेजवानी, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या लकबी, देवळाकडे निघालेली मंडळी, असे गावचे सारे जीवन तिच्यात उतरले आहे. तेव्हा त्यांस हे कोणी काम म्हणून सांगितले नव्हते, वा त्याचे वेतनही नव्हते. त्यांच्या कसबाचा पाया त्या बिनमोलाच्या पानांत घातला गेला, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते.

मुंबईस सेंट झेवियर कॉलेजात त्यांनी इतिहास हा विषय घेऊन पदवी मिळविली. वास्तुशास्त्राकडे वळविण्याचा प्रयत्न झाला, तो त्यांस मानवला नाही. जाहिरातीच्या एका कचेरीत चार वर्षे काढल्यावर ते चित्रांवरच निर्वाह करू लागले. 'इलस्ट्रेटेड वीकली'ने त्यांची चित्रे छापली, 'करंट'ने नोकरी दिली, आणि पुढे टाइम्सच्या समूहात 'फेमिना', 'इकॉनॉमिक टाइम्स' इत्यादी नियतकालिकांतून त्यांच्या रेषा घरोघर पोचल्या. कचेरीतील मिस फोन्सेका, गोडबोले कारकून, पुढारी बंडलदास ही त्यांची माणसे वाचकांस शेजाऱ्यांसारखी परिचित झाली. त्या काळच्या छपाईत छायाचित्राची बारीक ठिपक्यांची जाळी करावी लागे आणि हलक्या कागदावर ती काळवंडून जाई. उलट जस्ताच्या पत्र्यावर कोरलेली काळी रेषा स्पष्ट उमटे. मारिओंची शाईची रेषा म्हणूनच स्वस्त कागदावरही हसत राहिली.

आता ह्या कथेतील जो भाग आमच्या तरुणाच्या प्रश्नास लागू पडतो तो सांगतो. नोकरी जमली असताना मारिओंस पोर्तुगालच्या गुलबेंकियन प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती मिळाली, आणि ते गेले. वर्षभर पोर्तुगालात राहिले; तेथून इंग्लंडास गेले आणि सुमारे पाच वर्षे लंडनात काम करीत राहिले. मग मुंबईस परतले आणि पुनः तेच दैनिक, तीच मासिके. 1974 साली अमेरिकेच्या निमंत्रणावरून तिकडे जाऊन त्यांनी तेथील चित्रकारांची भेट घेतली. देशोदेशी त्यांच्या चित्रांची प्रदर्शने झाली. उतारवयात ते लोटलीच्या त्या पुरातन घरी जाऊन राहिले. श्याम बेनेगल ह्यांनी 'त्रिकाल' हा 1985 चा चित्रपट ज्या घरात चित्रित केला, तेच हे घर. 11 डिसेंबर 2011 रोजी त्यांनी तेथेच देह ठेवला. 1988 साली पद्मश्री, 2002 साली पद्मभूषण आणि मृत्यूनंतर 2012 साली पद्मविभूषण, असा राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

ह्यावरून कोणी म्हणेल, "पाहा, गेलेला मनुष्य शेवटी घरी येतो, तेव्हा खुशाल जाऊ द्या." असे सोपे तात्पर्य काढणे आम्हांस प्रामाणिक वाटत नाही. मारिओंपाशी परतण्यासाठी तीनशे वर्षांचे घर होते. आमच्या तरुणापाशी भाड्याच्या दोन खोल्या आहेत. गेलेल्यांपैकी पुष्कळ परतत नाहीत, आणि त्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. शिवाय त्यांच्या उद्योगाची अवस्थाही पाहिली पाहिजे. 'सत्यकथा' 1982 साली बंद पडली. 1880 साली निघालेले आणि मारिओंस प्रथम हात देणारे 'इलस्ट्रेटेड वीकली' 1993 साली थांबले. आज वाचक कागदाकडून पडद्याकडे वळला आहे. मासिकांची पाने कमी होत आहेत, आणि ज्या मेजावर पूर्वी तिघे बसत तेथे एकास बसविले जाते. आमचा तरुण लोभाने निघालेला नाही. त्याच्या पायाखालची जमीन सरकते आहे, आणि त्यास दोन मुले आहेत.

येथे आम्हांस आमची एक चूक कबूल करावयाची आहे. आम्ही नवे धर्मगुरू असताना, दुसऱ्या एका धर्मग्रामात, गायकवृंदास पेटीवर साथ करणारा एक मुलगा आखातात नोकरीस निघाला. त्याच्यावाचून नाताळचे गायन अडेल, ह्या चिंतेने आम्हांस राग आला होता. त्या रविवारी व्यासपीठावरून आम्ही म्हणालो की, काही लोकांस देवाच्या घरापेक्षा दिनार प्यारे झाले आहेत. नाव घेतले नाही. घेण्याची गरजही नव्हती. मुलगा गेला. त्याचे वडील, जे वर्षानुवर्षे पुढच्या बाकावर बसत, ते पुढल्या रविवारपासून अगदी मागच्या बाकावर, खांबाच्या आड बसू लागले. आमची बदली होईपर्यंत ते तेथेच बसत राहिले. आम्ही त्यांची क्षमा मागावयास हवी होती. आज मागू, उद्या मागू म्हणता बदलीचा हुकूम आला. आता ते हयात नाहीत. बंधुभगिनींनो, त्या खांबाआडच्या माणसाचे स्मरण ठेवूनच आम्ही आज बोलत आहो.

आणि ज्याने दुसऱ्यास स्थलांतराबद्दल बोलावे तो कोण? धर्मगुरूचे सारे आयुष्य बदल्यांत जाते. बिशपांचे पत्र येते, आणि आम्ही दोन पेट्या भरून निघतो. ह्या नवघरची गोष्ट तरी काय निराळी आहे? येथे मूळचे गावठाण होते, शेते होती, मिठागरे होती. गावठाणातली जुनी ख्रिस्ती घरे आजही आहेत. त्यांच्या शेजारी मुंबईत जागा न परवडल्याने आलेले लोक राहिले, वसईहून आले, गोव्याहून आले, मंगळूरहून आणि केरळातून आले, मराठवाड्यातून कामाच्या शोधात आले. 1985 साली येथे ग्रामपंचायती जाऊन नगरपरिषद आली आणि 2002 साली महानगरपालिका झाली, ती ह्याच येणाऱ्या माणसांमुळे. आज पुढच्या बाकावर बसलेल्यांपैकी कितीएकांचे आईबाप एखाद्या दूरच्या देवळातून असेच निरोप घेऊन निघाले असतील! त्या वेळी तेथील धर्मगुरूने त्यांस शाप दिला असता, तर आजची ही ज्युबिली कोणी केली असती?

ज्या मराठी भाषेत आम्ही बोलत आहो तिचेही ऋण आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे. 1579 साली ते गोव्यास आले, आणि पुनः मायदेशी गेले नाहीत. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली सासष्टीतील राशोल येथे छापले गेले. देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते, म्हणून ते रोमन अक्षरांत छापावे लागले. घर सोडून आलेल्या त्या मनुष्याने परक्या भाषेवर आईसारखे प्रेम केले. तेव्हा देशांतराने प्रेम आटतेच, असे कोणी म्हणू नये.

मग आमचे उत्तर काय? उत्तर दोन भागांत आहे. एक जाणाऱ्यास आणि एक राहणाऱ्यांस.

जाणाऱ्यास आम्ही म्हणतो, जा. यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात नेलेल्या लोकांस पत्र लिहिले, त्यात घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात राहाल त्याचे कल्याण पाहा, असाच बोध केला आहे. कॅनडातील ज्या गावी तू राहशील तेथेही कोणाचे तरी स्मृतिपत्र तिसऱ्या प्रहरापर्यंत हवे असेल. तेथील देवळाच्या दाराशी जा आणि सांग की, मला पाने मांडता येतात. सेवा करणाऱ्यास परदेश फार दिवस परका राहत नाही. 1833 साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्याचे सोबती ह्यांनी गरिबांच्या घरी जाण्यास आरंभ केला, तेव्हा ओझानाम अवघ्या वीस वर्षांचा विद्यार्थी होता, आणि पॅरिस त्याचे गाव नव्हते. तो लिऑनहून शिकावयास आलेला होता. त्या आरंभातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल ह्यांच्या नावाची संस्था जगभर पसरली.

परंतु जाण्यापूर्वी एक गोष्ट करून जा. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाचे काम करणारा बसालेल आणि त्याचा सोबती अहलियाब ह्यांची हकिकत आहे. देवाने त्यांस कसब दिले एवढेच तेथे सांगितलेले नाही. दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धीही दिली, असे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या तरुणाने कसब दाखविले. शिकविण्याची संधी मात्र आम्ही त्यास दिली नाही. एक मनुष्य विनामूल्य आणि बिनतक्रार काम करतो आहे ना, मग दुसरा शोधा कशाला, असा आमचा आळस होता. स्वयंसेवकावर ह्याहून मोठा अन्याय दुसरा नाही. त्याने विश्रांती मागितली की ती पळवाट वाटते, आणि तो निघाला की तो द्रोही ठरतो. दोष त्याच्या जाण्यात नसतो. आम्ही सारा भार त्या एकावर ठेवला, ह्यात असतो.

म्हणून राहणाऱ्यांस आमचे सांगणे असे. ह्या वर्षभर, स्मरणिकेचे काम चालू असताना, दर शनिवारी संध्याकाळी शाळेच्या वर्गात दोन-चार मुलामुलींनी त्याच्याजवळ बसावे. समास कसा सोडावा, छायाचित्र कसे कापावे, मुद्रिते कशी तपासावी, छापखान्यात काय बोलावे आणि काय लेखी घ्यावे, हे शिकून घ्यावे. ज्यांस संगणक येतो त्यांनी यावेच. ज्यांस केवळ शुद्धलेखन येते त्यांनीही यावे, कारण गेल्या वर्षीच्या पत्रकात आमच्याच नावात चूक राहिली होती. आणि त्याच्या आईवडिलांच्या दाराशी, तो गेल्यावर, आठवड्यातून एकदा कोणीतरी जावे. औषधे, विजेचे देयक, दवाखान्याची रांग ह्या गोष्टी परदेशातून दूरध्वनीवर होत नाहीत. जाणाऱ्याचे निम्मे ओझे म्हणजे मागे राहिलेली म्हातारी माणसे. ते ओझे ज्या धर्मग्रामाने उचलले, त्यास "आमची मुले निघून गेली" अशी तक्रार करण्याची पाळी येणार नाही.

आपल्या गावाचे नाव नवघर आहे. ते कोणी व केव्हा ठेविले ह्याचा वाद आम्ही घालीत नाही. पण ज्याच्या गावाचे नावच नवे घर असे आहे, त्याने नव्या घराकडे निघालेल्या मनुष्यास उंबऱ्यावर अडवू नये. त्याच्या हाती शिदोरी द्यावी आणि दिवा विझवू नये.

आमच्या तरुण मित्रास आम्ही हेच सांगतो. अर्जाचा निकाल कसाही लागो. तू गेलास तर निरोपाची मिस्सा आम्ही स्वतः करू, आणि तुझे वडील त्या दिवशी पुढच्या बाकावर बसतील. तू राहिलास तर शनिवारचा वर्ग चालू ठेवू, आणि तुझ्या श्रमाचा योग्य मोबदला धर्मग्रामाच्या हिशेबात दाखवू. तो तू घेतोस की गरिबांच्या पेटीत टाकतोस, हे तुझे तू ठरव. आम्हांस एवढेच हवे आहे की, पुढल्या ज्युबिलीची स्मरणिका निघेल तेव्हा तिची पाने मांडणारे हात एकाचे नसावेत, अनेकांचे असावेत, आणि त्या हातांस पहिला धडा कोणी दिला हे त्यांस ठाऊक असावे.

पहिला वर्ग येत्या शनिवारी, सायंकाळी सहा वाजता. आम्हीही येऊन बसणार आहो. ह्या वयात समास सोडावयास शिकता येतो किंवा नाही ते पाहू. प्रभूचा आशीर्वाद आपणां सर्वांवर असो.